आधी ड्रिंक ठरवा, मग जिन

वाइन शॉपच्या काउंटरवरून मला फोन येतात. मैत्रिणींचे, ऑफिसातल्यांचे, नवऱ्याच्या मित्रांचे, एकदा तर सोसायटीच्या सेक्रेटरींचाही आला होता. "तुम्हाला त्यातलं कळतं म्हणे. पटकन सांगा, चांगली जिन कुठली?" मी विचारते, "कशात घालून पिणार?" पलीकडे एकदम शांतता. मागून दुकानदाराचा आवाज येतो, "साहेब, लवकर बोला, लाइन लागलीय." मग घाईघाईत कुठली तरी सुंदर बाटली घेतली जाते आणि पुढच्या शनिवारी तिच्याबद्दलची तक्रार माझ्याकडे येते.

म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. "चांगली जिन कुठली" हा प्रश्न "चांगला तांदूळ कुठला" यासारखा आहे. मसालेभाताला आंबेमोहर शिजवलात तर तो गिचका होईल, पण त्यात आंबेमोहराचा काय दोष? जिनचंही तसंच. टॉनिकमध्ये, म्हणजे त्या कडवट-गोड सोड्यात, छान लागणारी जिन निग्रोनी नावाच्या कॉकटेलमध्ये पार हरवते, आणि मार्टिनीत झकास लागणारी कोकमाशी भांडत बसते.

माझी ओळख एवढीच की मी एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. बावीस वर्षं मोजणं आणि हुंगणं यावरच पोट चाललंय. जिनच्या नादाला लागले ती दादा-वहिनी गोव्यात पर्वरीला राहायला गेल्यानंतर. आमच्या आधीच्या पिढीची जिन म्हणजे ब्लू रिबँड, वर लिम्का, विषय संपला. २०१७ मध्ये गोव्यात ग्रेटर दॅन आली, २०१८ मध्ये हपुसा आणि स्ट्रेंजर अँड सन्स आल्या, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत दुकानातलं जिनचं अर्धं फडताळ भारतीय बाटल्यांनी भरलं. गोंधळ तिथूनच सुरू झाला.

पुढे जाण्याआधी एक रूक्ष पण कामाचं. महाराष्ट्रात जिन प्यायला वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात आणि परवानाही लागतो. गोव्यात वयाची अट २१ आहे आणि बाटली स्वस्तही मिळते, पण म्हणून परवान्याशिवाय डिकी भरून आणलीत तर तो गुन्हा आहे. मी गोव्याच्या दराची जिन गोव्यातच पिते, दादाच्या गच्चीवर.

बाटलीत असतं काय

वासाचवीचं नाव नसलेलं स्पिरिट घ्यायचं आणि त्यात जुनिपर नावाच्या सदाहरित झुडपाची फळं नि बाकीचा मसाला घालून पुन्हा ऊर्ध्वपातन करायचं, की झाली जिन. इंग्रजीत या मसाल्याला भारदस्त शब्द आहे, मी मसालाच म्हणते. धने, संत्र्याची साल, लिंबाची साल, ज्येष्ठमध, अँजेलिकाचं मूळ हे बहुतेक जिनमध्ये असतंच. बाकी ज्याची त्याची हौस. जुनिपर मात्र पुढे हवं, नाहीतर ती जिन नव्हे.

पहिल्यांदा जिन हुंगल्यावर माझी आई म्हणाली होती, "शी, हा तर रंगाऱ्याच्या ब्रशचा वास!" सगळे हसले, मी नाही हसले. टर्पेंटाइन पाइनच्या चिकापासून काढतात आणि त्यात अल्फा-पायनीन नावाचं रसायन भरपूर असतं. जुनिपरच्या तेलातही तेच मुख्य. आईचं नाक एकदम बरोबर होतं. जिन विकत घेताना तुम्हालाही एवढंच ओळखायचंय: हा रंगाऱ्याचा ब्रश किती पुढे आहे, आणि त्याच्या मागे कोण उभं आहे?

यावरून मी चार खण केलेत. पहिल्या खणात पक्क्या जुनिपरच्या जिन: टँकरे, बीफीटर आणि आपल्यातली ग्रेटर दॅन. टँकरेत जुनिपर, धने, अँजेलिका आणि ज्येष्ठमध असे चारच पदार्थ आहेत, आणि चारांवर जे जमतं ते सत्तेचाळीसांवर जमतंच असं नाही. (जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये मंकी ४७ नावाची जिन करतात, ४७ पदार्थ आणि अल्कोहोलही ४७ टक्के. उत्तम आहे, पण टॉनिकमध्ये बुडवायला माझा हात धजत नाही.) बीफीटर लंडनमध्येच तयार होते. तिचे नऊ पदार्थ चोवीस तास स्पिरिटमध्ये भिजवून मग ऊर्ध्वपातन करतात, म्हणून तिच्यात संत्र्याच्या सालीचा कडवटपणा चांगला उतरतो.

दुसऱ्या खणात हलक्या, लिंबाकडे झुकणाऱ्या जिन. बॉम्बे सफायर इथली. ती मुंबईची नाही हे बऱ्याच जणांना धक्कादायक वाटतं. ती इंग्लंडात हॅम्पशरमध्ये होते, आणि नावातला नीलम म्हणजे 'स्टार ऑफ बॉम्बे' हा सापडला होता श्रीलंकेत. तिचे दहा पदार्थ भिजवत नाहीत. जाळीच्या टोपलीत ठेवतात आणि स्पिरिटची वाफ त्यातून नेतात. इडलीच्या पाण्यात आलं उकळणं आणि आल्याच्या वाफेवर इडली करणं, यात जो फरक पडेल तोच इथे पडतो. जिन नाजूक होते. टँकरे नंबर टेनही याच खणात, मात्र अंगापिंडाने भक्कम.

तिसरा खण फुलापानांचा. हेंड्रिक्स स्कॉटलंडची, १९९९ ची. ऊर्ध्वपातन झाल्यावर तिच्यात काकडी आणि गुलाबाचा अर्क घालतात. जपानची रोकू, तिच्यात साकुराची, म्हणजे जपानी चेरीची फुलं नि पानं, युझू नावाचं तिकडचं लिंबू, दोन प्रकारचा हिरवा चहा आणि सान्शो मिरी. आपली जैसलमेरही मी इथेच ठेवते. नाव राजस्थानचं असलं तरी ती होते उत्तर प्रदेशात रामपूरला. दार्जिलिंगचा हिरवा चहा, गवती चहा आणि वाळा यांनी तिला जो गारवा आणलाय तो मला मे महिन्यातल्या माठाच्या पाण्याची आठवण करून देतो.

चौथा खण आपल्या मसाल्याच्या डब्याचा. स्ट्रेंजर अँड सन्समध्ये काळी मिरी, जायपत्री, जायफळ, शिवाय गंधराज लिंबासकट बऱ्याच साली. हपुसात युरोपचं जुनिपर नाहीच, हिमालयातलं आहे. नावही तिथूनच आलंय: आयुर्वेदात जुनिपरला हपुषा म्हणतात, हिंदीत हाऊबेर. तिच्यात हळद, आलं, वेलची आणि आंबासुद्धा आहे. वास मातीकडे जाणारा. पहिल्या घोटाला मला आवडली नव्हती, तिसऱ्या वेळी आवडली.

लेबलवरच्या 'लंडन ड्राय'ला फार भुलू नका. लंडनशी त्याचा संबंध राहिलेला नाही, ती करण्याची पद्धत आहे. सगळा वास ऊर्ध्वपातनातूनच यायला हवा, नंतर रंग-वास घालायचे नाहीत आणि साखर जवळजवळ शून्य, युरोपच्या नियमाप्रमाणे लिटरला ०.१ ग्रॅमच्या आत. म्हणून ग्रेटर दॅन गोव्यात होऊनही लंडन ड्राय, आणि हेंड्रिक्स ब्रिटनची असूनही नाही. स्ट्रॉबेरीच्या गुलाबी गोड जिनबद्दल मी काही लिहिणार नाही. माझ्या भाचीला आवडतात, तिला आवडू देत.

हुंगायची रीत

नवी जिन थेट टॉनिकमध्ये ओतू नका. घरच्या छोट्या ग्लासात १५ मिली जिन घ्या, तेवढंच साधं पाणी घाला. बर्फ नाही, फ्रिजचं पाणी नाही. थंडीत वास मिटून बसतो आणि निम्मं पाणी घातल्यावर अल्कोहोलची नाकातली झोंबी कमी होते, मग मागचे सगळे पुढे येतात. काही वेळा पाणी पडताच जिन किंचित दुधाळ होते. घाबरायचं कारण नाही. अल्कोहोलमध्ये विरघळलेली तेलं पाण्यात विरघळत नाहीत म्हणून ती वेगळी होतात. बाटली खराब असल्याचं ते लक्षण नाही, मसाला भरपूर असल्याचं आहे.

मग हुंगा. आधी तोंड मिटून, नंतर किंचित उघडं ठेवून. स्वयंपाक करणाऱ्याला हे सोपं जातं. आमची वहिनी जिनला हातही लावत नाही, पण हुंगून धने, बडीशेप, जायपत्री घडाघडा सांगते. पुरुषमंडळी मात्र "स्मूद आहे" म्हणून मोकळी होतात. स्मूद हा वास नव्हे.

आमच्या घरात यावरून एकदा पैज लागली होती. नवऱ्याचं म्हणणं, महागडी जिन तो डोळे मिटून ओळखतो. आमच्या कामात यासाठी एक साधी चाचणी असते: तीन सारखे ग्लास, दोनांत एक नमुना, तिसऱ्यात दुसरा. वेगळा ग्लास कुठला तेवढं सांगायचं. नुसतं ठोकून दिलं तरी तीनांतून एकदा बरोबर येतंच, म्हणून सहा वेळा करायचं. मी लॅबसारख्या चिठ्ठ्या लावल्या आणि वहिनीला शेजारी बसवलं. पाणी घातलेल्या जिनवर नवऱ्याचं सहापैकी पाच वेळा बरोबर आलं. मान्य, नाक चांगलं आहे. मग त्याच दोन जिन मी श्वेप्सच्या टॉनिकमध्ये, भरपूर बर्फ घालून दिल्या. सहापैकी दोन. म्हणजे निव्वळ अंदाज. वहिनी म्हणाली, "भावजी, मग एवढी महाग कशाला आणता?"

तेव्हापासून आमच्याकडचा नियम असा की टॉनिकसाठी मधल्या किमतीची बाटली पुरे. महागडी फक्त मार्टिनीला, कारण तिथे जिनला लपायला जागाच नसते.

जिन-टॉनिक

सगळ्यात जास्त हेच प्यायलं जातं आणि सगळ्यात जास्त हेच बिघडतं. बिघडवणारी जिन नसते, बर्फ असतो. फ्रीझरच्या उघड्या ट्रेमधला बर्फ शेजारच्या लसणीच्या चटणीचा वास पिऊन बसलेला असतो. तो ट्रे हुंगून बघा एकदा. झाकणाच्या डब्यात पाणी गोठवा, मोठे तुकडे करा आणि ग्लास काठोकाठ बर्फाने भरा. "बर्फ कमी, पाणी होतं" हे उलटं आहे. थोडा बर्फ लवकर वितळतो, भरपूर बर्फ एकमेकांना गार ठेवतो.

प्रमाण: ४५ मिली जिन, १२० ते १३५ मिली टॉनिक. पहिल्या खणातल्या जिनला तिप्पट टॉनिक सोसतं, फुलांच्या जिनला दुप्पट पुरे, म्हणजे ९० मिली. टॉनिक आधीपासून गार हवं, बाटली त्याच वेळी उघडलेली हवी. एकदा एका चांगल्या हॉटेलात दुपारपासून उघडं असलेलं टॉनिक मला दिलं होतं. ते कडू सरबत होतं. हौशीने मागवलेली जिन फुकट गेली.

टॉनिकही निवडायचं असतं. कडवटपणा येतो क्विनिनमुळे. लॅबमधल्या ३६६ नॅनोमीटरच्या दिव्याखाली टॉनिकची बाटली धरली की ती निळी चमकते, ती त्याच क्विनिनची करामत. (आमच्या सेफ्टी ऑफिसरना हे सांगू नका.) नेहमीच्या टॉनिकमध्ये साखर बरीच असते, लेबल वाचा. जुनिपरच्या जिनला ती साखर झाकू शकत नाही, म्हणून टँकरे किंवा ग्रेटर दॅन आणि साधं श्वेप्स, वर लिंबाची फोड, एवढ्यात काम होतं. रोकू किंवा जैसलमेरला कमी गोड टॉनिक द्या, स्वामी, सेपॉय आणि फीव्हर-ट्री या तिघांकडेही तसं मिळतं. नाहीतर निम्मं टॉनिक आणि निम्मा सोडा. हेंड्रिक्सला काकडीचा लांब काप, लिंबू अजिबात नको. हपुसाला आल्याची पातळ चकती. स्ट्रेंजर अँड सन्सला मी संत्र्याची साल चिमटून घालते, ग्लासच्या तोंडावर, म्हणजे सालीतलं तेल वर उडतं आणि पहिला वास त्याचाच येतो.

फुगीर ग्लासात तरंगणारी स्ट्रॉबेरी, रोझमेरी, दालचिनी, चक्रीफूल, सगळं एकत्र? तो ग्लास नव्हे, रुखवत झालं.

निग्रोनी: इथे नाजूकपणा चालत नाही

तीन गोष्टी, प्रत्येकी ३० मिली: जिन, कंपारी (इटलीचं कडू लाल मद्य), गोड लाल व्हर्मूथ (मसाला घातलेली वाइन). बर्फावर ढवळायचं, वर संत्र्याची साल. १९१९ च्या सुमाराला फ्लॉरेन्समधल्या काउंट निग्रोनीने अमेरिकानोत (कॉफी नव्हे, कंपारी-व्हर्मूथ-सोड्याचं ड्रिंक) सोड्याऐवजी जिन घालायला सांगितली, अशी तिची जन्मकथा सांगतात.

माझी फजिती इथेच झाली. लग्नाच्या वाढदिवसाला चार जोडपी जेवायला होती आणि माझ्याकडे नुकतीच आलेली फुलांची, बरीच महाग जिन होती. मी आठ निग्रोनी तिच्यात करायला घेतल्या. सगळ्यांना आवडल्या. शेवटच्या ग्लासाला बाटली संपली म्हणून मी चुकून राहिलेली साधी लंडन ड्राय घातली, आणि तो ग्लास जिच्या वाट्याला आला ती मैत्रीण म्हणाली, "याच्यात जिन जास्त आहे का गं? हा जास्त छान लागतोय." माप तेच होतं. बाकी सातांनी कंपारी आणि व्हर्मूथच प्यायली होती, जिनची फुलं त्या कडू-गोडाखाली चिरडून गेली होती. एवढ्या महाग बाटलीने फक्त अल्कोहोल दिलं.

तेव्हा निग्रोनीला पहिला खण. बीफीटर माझी पहिली पसंती, तिच्या कडू संत्र्याचं कंपारीशी जमतं. ग्रेटर दॅन तिच्या मागोमाग, आणि खिशाला बरी. चौथ्या खणातली फक्त स्ट्रेंजर अँड सन्स चालते, मिरी-जायपत्रीमुळे. मग मात्र व्हर्मूथ २५ मिलीच घ्या.

मार्टिनी आणि बाटलीवरचा आकडा

मार्टिनीला ६० मिली जिन, १२ मिली ड्राय व्हर्मूथ. व्हर्मूथ ही वाइन आहे, उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवायची आणि महिना-दीड महिन्यात संपवायची. शोकेसमध्ये दोन वर्षं उभ्या असलेल्या व्हर्मूथमुळे कित्येक लोकांना वाटतं की आपल्याला मार्टिनी आवडत नाही.

ढवळणं म्हणजे नुसतं गार करणं नव्हे, पाणीही घालणं. मी एकदा मापाच्या सिलिंडरने मोजलं: ७२ मिली घातलं, बर्फावर ३० सेकंद ढवळलं, गाळून ८९ मिली निघालं. पाव भागाच्या आसपास पाणी. ते पाणी हवंच असतं, आधी सांगितलं ना, पाण्याने वास खुलतो. म्हणून जिन फ्रीझरमध्ये ठेवून तशीच ओतणारे एक पायरी गाळतात. फ्रीझरमध्ये ठेवायची तर ठेवा, गोठणार नाही, पण मग १५ मिली गार पाणी मोजून घाला.

एवढं पाणी पडणार म्हटल्यावर अल्कोहोलचा आकडा महत्त्वाचा होतो. आपल्याकडच्या पुष्कळ बाटल्यांवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. हा विचित्र आकडा आला कुठून? जुन्या ब्रिटिश मोजणीत १०० प्रूफ म्हणजे साधारण ५७.१ टक्के. त्याचे ७५ टक्के काढा, ४२.८ येतात. इंग्रज गेले, त्यांची पाऊण राहिली. नेव्ही स्ट्रेंग्थ जिन ५७ टक्क्यांच्या असतात, ते शंभर प्रूफ. परदेशातून कुणी आणणार असेल तर आकडा वाचायला सांगा. एकाच नावाची बाटली देशागणिक वेगळी असते. टँकरे अमेरिकेत ४७.३ टक्क्यांची मिळते, इंग्लंडात त्याहून सौम्य. मार्टिनीला ती ४७.३ वाली मिळाली तर सोडू नका. नसेल तर नंबर टेन, किंवा बीफीटर आणि वर लिंबाची साल. फुलांची जिनही इथे शोभते, कारण तिच्यावर दादागिरी करणारं कुणी नसतं. रोकूची मार्टिनी एकदा करून बघा. हपुसाची मी केली, ती थेट काढ्याच्या दिशेने गेली.

लिंबाची ड्रिंक्स

गिमलेट आणि टॉम कॉलिन्स आपल्या घरात सगळ्यात सहज होतात, पण परदेशी पाककृती जशीच्या तशी उचलू नका. तिथलं पिवळं लेमन वेगळं, आपलं कागदी लिंबू वेगळं. माझ्या जिभेला आपलं जास्त जहाल लागतं आणि साल चिमटायला फार पातळ असते. त्यांनी २५ मिली लेमनचा रस लिहिला असेल तर मी १८ ते २० घेते.

गिमलेटला ६० मिली जिन, २० मिली लिंबाचं गोड सिरप. मूळ गिमलेट बाटलीतल्या लाइम कॉर्डियलचं. त्या कॉर्डियलचं, म्हणजे लिंबाचा रस अल्कोहोलऐवजी साखरेत टिकवायचं, पेटंट रोझ नावाच्या स्कॉटिश माणसाने १८६७ मध्ये घेतलं. हे वाचून आईला गंमत वाटली, कारण ती दर एप्रिलला तेच करते. सरबताचं ते सिरप बाटलीत भरताना मीठ-वेलची घालण्याआधी आपला वाटा काढून घ्या, की झालं कॉर्डियल. इथे दुसरा खण: बॉम्बे सफायर. लिंबावर लिंबू, हलकं आणि स्वच्छ.

कॉलिन्सची मूळ जिन ओल्ड टॉम, म्हणजे जराशी गोड जुन्या पद्धतीची. आपल्याकडे क्वचित दिसते. ग्रेटर दॅनमध्ये चमचाभर पाक जास्त घाला, भागतं: ४५ मिली जिन, २० मिली लिंबाचा रस, २० मिली पाक, वर सोडा.

तीनच बाटल्या

चारही खण भरायचे नाहीत. घरात तीन बाटल्या पुरतात: एक पक्क्या जुनिपरची, एक हलकी किंवा फुलांची, एक आपल्या मसाल्याची. पैसे एकाच बाटलीपुरते असतील तर पहिल्या खणातली घ्या, तिचं कुठेच अडत नाही. नव्या नावाचा खंबा थेट घेऊ नका, मिनिएचर किंवा क्वार्टर मिळते का विचारा. आणि मोजा. डोळ्यांनी ओतलेले ४५ मिली आमच्याकडे सरासरी ६५ भरले होते. वेगळं माप नसेल तर खोकल्याच्या औषधाचं १० मिलीचं झाकण धुऊन घ्या. आम्हीच करतो ती झाकणं, बरोबर असतात.

बाटली निम्म्याखाली गेली की लवकर संपवा किंवा छोट्या बाटलीत काढा. जिन नासत नाही, पण रिकाम्या जागेतल्या हवेने लिंबा-संत्र्याचा वास आधी पळतो आणि मागे फक्त रंगाऱ्याचा ब्रश उरतो.

दादाच्या गच्चीवरचं कोकम

गोव्यात मार्च-एप्रिलला उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची हलकी दारू, येतो, तेव्हा तो लिम्का, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. ते बघूनच हे सुचलं. उंच ग्लास बर्फाने भरायचा. स्ट्रेंजर अँड सन्स ४५ मिली, कोकमाचं आगळ १० मिली, साखरेचा पाक १५ मिली, वर १२० मिली सोडा. टॉनिक नाही. कोकमाचा तुरटपणा आणि क्विनिनचा कडवटपणा एकत्र आले की जीभ आखडते. आगळात मीठ असतंच, वरून घालू नका. पहिल्या खेपेला मी घातलं होतं आणि ते ड्रिंक दादाने गपचूप कुंडीत ओतलं. आगळाऐवजी अमृत कोकम असेल तर २५ मिली घ्या आणि पाक वगळा. जिऱ्याची पूड चिमूटभर, भाजलेल्या जिऱ्याची. शेवटी लवंगी मिरची मधून चिरून, देठासकट.

सासूबाई बरोबर असल्या की त्यांना हेच हवं असतं, जिन सोडून. त्यांच्या ग्लासात आगळ १५ मिली आणि वर दोन पुदिन्याची पानं. रंग दोन्हींचा अगदी सारखा, गडद लालजांभळा, आणि ट्रेमध्ये ग्लास फिरतात. एकदा त्यांनी दादाचा ग्लास उचलला, अर्धा प्यायला आणि म्हणाल्या, "आज कोकम चांगलं मुरलंय हो." तेव्हापासून मिरची फक्त जिनच्या ग्लासात घालतो, आणि ट्रे गच्चीवर न्यायच्या आधी वहिनी मिरच्या मोजते.